बेल वाजायच्या आधी

४ फेब्रुवारी

मावशी,

एकतीस! आज दुपारच्या ड्युटीत सात नंबरच्या बाईंनी एकतीस वेळा बेल वाजवली. मी मनगटावर पेनानं रेघा मारत होते, पाच-पाचाचे गठ्ठे करून, शाळेत करायचो तसे. उशी वर घ्या. उशी खाली घ्या. खिडकी उघडा. खिडकीतून वारं येतंय, लावा. एकदा तर मी हातातलं ड्रेसिंग अर्धवट सोडून धावले, तर म्हणतात, "काही नाही गं, कोण येतंय ते बघत होते."

फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि खरं उत्तर चार दिवसांनी पत्रात पाठवतेस. म्हणून थेट पत्रच.

बाई बहात्तर वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. चाळीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायच्या. आता आम्हाला पुरवतात. मला म्हणाल्या, "तुझे हात किती मऊ गं! सकाळची ती तर करवत आहे, करवत." आणि त्याच सकाळच्या सिस्टरना म्हणाल्या, "ती नवी पोरगी सांगत होती, तुम्ही कामं तिच्यावर ढकलता." मावशी, मी असं काहीही म्हटलं नव्हतं!

या सकाळच्या सिस्टर म्हणजे आमच्या तिखट सिस्टर. एकोणीस वर्षांची नोकरी, आणि आवाज असा की लिफ्टमधली माणसं दचकतात. काल ड्युटी बदलताना त्यांनी केसपेपर माझ्या हातात जवळजवळ आपटले आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. कारण आज कळलं. 'आजी' म्हटलं तर बाई म्हणतात, "आजी कुणाची? तुझी?" काय म्हणावं या बाईला!

माझे सहा महिने ३१ मार्चला भरतात. मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. एक बाई माझी वाट लावणार असं दिसतंय. सांग, काय करू?

तुझी भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसत आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. मग जुन्या डायऱ्या काढल्या. माझ्या वॉर्डातल्या सात नंबरच्या बाया, कुठल्याही नंबरवर असोत, त्यात भरपूर सापडल्या.

बेल वाजवल्याशिवाय कोणी येत नाही अशी ज्याची खात्री झालेली असते, तो पेशंट बेल वाजवतो. इतकं साधं आहे, आणि ते कळायला मला सात वर्षं लागली. तेव्हा बेल वाजायच्या आधी जा. घड्याळ बघून, तासातून एकदा. खुर्ची ओढून दोन मिनिटं बस. दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलायची का, लागेल ते हाताशी आहे का, एवढं विचार. निघताना सांग, "तीन वाजता येते." तीन म्हणजे तीन. तीन वाजून पाच मिनिटांनी गेलीस की आधीचं सगळं पाण्यात.

त्या कान भरायला लागल्या तर रागावू नकोस, हसू नकोस, मान तर अजिबात डोलावू नकोस. "त्यांच्याबद्दल आहे ना, मग त्या समोर असताना बोलू" म्हणायचं आणि पुन्हा उशीकडे वळायचं.

आणि केसपेपरात विशेषण लिहू नकोस. "फार त्रास देतात" नको; "दोन ते तीनच्या दरम्यान नऊ वेळा बेल" असं लिही. विशेषण लिहिलं की पुढची सिस्टर माणसाकडे बघतच नाही, विशेषणाकडे बघते. हा दोष माझ्यात होता. गेला असं म्हणवत नाही.

इथे बसून लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, हे मला कळतं. पण करून बघ.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी गं मावशी,

चार! एकतीस, बावीस, चौदा, नऊ आणि काल चार! सगळ्या ड्युटीत फक्त चार बेल! मी तीन वाजता म्हणजे तीन वाजता जाते. परवा दोन मिनिटं आधीच दाराशी पोचले तर तिथेच थांबून राहिले. आत गेले तेव्हा बाई घड्याळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एंट्री बरोबर घेतलीस."

आता त्या गोळ्या फक्त माझ्याच हातून घेतात. सकाळच्या गोळ्यासुद्धा माझ्यासाठी ठेवून देतात, दीड वाजता मी आले की घेतात. इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या मुलीकडून शिका." तिखट सिस्टर तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या. बाई मला म्हणतात, "तू या वॉर्डात चुकून आलीस, तुझ्यात जीव आहे." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत हे मला कळतं, पण काय करू, वरून दृश्य फार छान दिसतं गं!

आणि एक गंमत आहे. जबरदस्त! पण ती सांगणार नाही. बाईंना शब्द दिलाय. तुलासुद्धा नाही. सांगितली असती तर तू खुर्चीतून उठून नाचली असतीस, एवढं नक्की.

तुझ्या एका पत्रानं हा चमत्कार झालाय. तुझं एक पुस्तक काढू या.

भिंगरी (झाडावरून)


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

चार बेल वाचून मी खरंच हात वर केले. आमच्या वॉर्डबॉयनं विचारलं, "लॉटरी लागली काय, सिस्टर?" पण नंतर तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि चहा गार झाला.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. दुसरं अर्ध असं: बेलच्या आधी जायचं ते सगळ्यांनी, आळीपाळीनं, तेच शब्द बोलत. आणि ड्युटी बदलताना बोलणं व्हायला हवं ते पेशंटच्या कॉटपाशी, जाणारी आणि येणारी दोघी समोरासमोर, पेशंटच्या देखत. म्हणजे एकीचं दुसरीला सांगायला मधे जागाच उरत नाही. नुसती तू एकटीच जात राहिलीस तर ती पद्धत राहत नाही, लळा होतो. आणि सकाळच्या गोळ्या दीड वाजता? हे बंद कर. आजच.

हे अर्ध पहिल्या पत्रात का नव्हतं, यावर मी काल डायरीत दोन पानं घातली. घाईत राहिलं, असं आधी लिहिलं. मग खोडलं. राहिलं की ठेवलं? मला वाटतं, तू जिंकावंस आणि ते माझ्या युक्तीनं, असं मला हवं होतं. दोघींनी मिळून करायच्या कामात कोणी एकटी जिंकत नाही.

ती गंमत. मला सांगू नकोस, पण ती जर बाईंच्या शरीराची, औषधाची, चालण्या-खाण्याची असेल, तर ती तुझी नाही आणि बाईंचीही नाही. ती केसपेपरची आहे. 'हे फक्त तुला सांगते' असं पेशंट म्हणाला की मी आधी त्याच्याकडे बघते आणि मग दाराकडे.

यात मत्सर आहे का, हेही स्वतःला विचारलं. डायरीत उत्तर आहे: थोडा. पण तेवढ्यानं सल्ला खोटा होत नाही.

मावशी


२२ फेब्रुवारी

मावशी,

थोडा नाही, बराच आहे. पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझं कौतुक केलं, तर तू दोन पानांची चौकशी लावलीस. गोळ्यांचं ठीक आहे, बंद केलं. बाकी माझं मी बघते. शब्द दिला की पाळायचा, हे लहानपणी मला कोणी शिकवलं होतं ते आठव.

भिंगरी


२८ फेब्रुवारी

मावशी,

बाई पडल्या.

मागच्या पत्राबद्दल माफ कर. ते आधी लिहायला हवं होतं, पण जे आधी आलं ते आधी लिहिलं.

गंमत ही होती. १३ तारखेला बाईंनी मला दाराचा पडदा ओढायला सांगितला आणि वॉकर न घेता कॉटपासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. सात पावलं! सगळ्यांना वाटत होतं, त्यांना वॉकरनंसुद्धा नीट चालता येत नाही. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "तिखटला कळलं तर ती मला उद्याच घरी धाडेल. हे तू आणि मी." नंतर रोज त्या चालायच्या, मी बाजूला उभी राहायचे. आणि केसपेपरात रोज लिहायचे, "वॉकरनं, एकीच्या आधारानं."

२६ तारखेला दुपारी, ड्युटी बदलायच्या वेळी, मी खोलीच्या दाराशी पोचले. तिखट सिस्टर शेजारच्या कॉटवर आदल्या दिवशीच आलेल्या आठ नंबरच्या बाईंचं ड्रेसिंग करत होत्या, पाठमोऱ्या. माझ्या बाई उठल्या, एकट्या. मला बघून हसल्या. पाचव्या पावलाला पाय घसरला.

खुबा शाबूत आहे, एक्सरे काढला. डावं मनगट सुजलंय. पण शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय बोलाव्यात? "सकाळच्या सिस्टरनं मला उठवलं आणि मधेच हात सोडला." मुलानं लेखी तक्रार दिली. आठ नंबरच्या बाई औषधाच्या गुंगीत होत्या. ५ मार्चला चौकशी आहे, बाईंच्याच खोलीत. तोवर तिखट सिस्टरना घरी बसवलंय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी काल माझा हात धरला. म्हणाल्या, "तू एवढंच म्हण: मी पाहिलं, सिस्टरनं हात सोडला. पुढचं मी सांभाळते." अगदी हळू, प्रेमानं. नटाला वाक्य द्यावं तसं.

ते मी म्हणणार नाही, एवढं नक्की. पण खरं सांगितलं तर विचारतील, त्या एकट्या चालतात हे कोणाला माहीत होतं? मग माझी नोकरी गेली. मी दाराशी होते हे बाईंशिवाय कोणाला ठाऊक नाही. "मी नुकतीच आले, मला दिसलं नाही" असं म्हटलं तर? खोटं बोलून मी कोणावर आळ घेत नाही, निदान.

लवकर लिही.

भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

हे पत्र आमच्या वॉर्डबॉयचा भाऊ तुमच्या गावी येतोय त्याच्या हाती पाठवतेय.

तुझ्या वयाची असताना होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत एक मैत्रीण होती. आम्हा दोघींत मिळून एक घड्याळ, तिचं. जी ड्युटीवर जाईल तिनं ते एप्रनला लावायचं. आमच्या वॉर्डात एक बाई होत्या. मला 'लेक' म्हणायच्या, माझ्या हातूनच जेवायच्या. एके दिवशी त्यांनी स्वतःच सलाईनची सुई ओढून काढली, रक्त आलं, आणि नाव घेतलं माझ्या मैत्रिणीचं, की हिनं हिसकली. मी दोन कॉटच्या अंतरावर होते. मला स्वच्छ दिसलं होतं.

मेट्रननी विचारलं. मी म्हणाले, "माझी पाठ होती, मला दिसलं नाही."

मीही तेव्हा हेच म्हणत होते, की मी कोणावर आळ घेत नाही. मैत्रिणीची बदली केली, महिन्याभरात तिनं हे काम सोडलं. जाताना घड्याळ मागायला आली नाही. ते अजून माझ्याकडे आहे, मी त्याला रोज चावी देऊन एप्रनला लावते. तुला 'तीन म्हणजे तीन' असं ऐटीत लिहिलं ना, ते त्या घड्याळावर शिकले.

हे मी आजवर डायरीतसुद्धा सरळ लिहिलेलं नाही. तिथे फक्त "त्या दिवशी चुकलं" असं आहे.

तू काय बोलावंस ते मी सांगणार नाही. तुला वाक्य पुरवणारं माणूस एक आहे तेवढं पुरे. नोकरी गेली तर माझ्याकडे ये. खोली आहे, आणि नर्स कुठेही लागतात. 'मला दिसलं नाही' म्हटल्यानंतरचे दिवस कसे असतात, ते मात्र मला माहीत आहे म्हणून लिहिलं.

आणि बाईंवर फार रागावू नकोस. माणूस इतका खटाटोप करतो तेव्हा तो कशाला तरी घाबरलेला असतो. कशाला, हे आपण दोघींनीही अजून विचारलेलं नाही.

मावशी


६ मार्च

मावशी!

ऐक! सगळं क्रमानं सांगते, नाहीतर मी शेवट आधी सांगून टाकीन.

खोलीत मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, बाईंचा मुलगा. तिखट सिस्टर घरच्या कपड्यांत, भिंतीला टेकून. त्यांना एप्रनशिवाय मी कधी बघितलं नव्हतं, इतक्या लहानखुऱ्या दिसत होत्या! बाई कॉटवर तीन उशा लावून बसलेल्या.

मेट्रननी मला विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

मी तोंड उघडलं आणि बघते तर बाईंचे ओठ हलताहेत. आवाज नाही, नुसते ओठ. माझं वाक्य पुरवत होत्या! चाळीस वर्षांची सवय.

मी म्हटलं, "मी पाहिलं. सिस्टर आठ नंबरपाशी होत्या, त्यांची पाठ होती. बाई एकट्या उठल्या, वॉकर न घेता. त्या तेरा तारखेपासून अशा चालतात. मला माहीत होतं. मी लिहिलं नाही."

बाईंचे ओठ थांबले. मग बाई म्हणाल्या, "हे तुझं वाक्य नव्हतं."

"हेच होतं, बाई."

मुलगा उठून उभा राहिला. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार. तर आईकडे वळून म्हणतो कसा, "आई, तू चालतेस? मग मला का नाही सांगितलंस? मी रोज जिना उतरताना हाच विचार करतो, की तुला वर कसं न्यायचं!"

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी विचारलं, "बाई, तुम्ही कशाला घाबरताय?"

"जिन्याला!" बाई एकदम फुटल्या. "अकरा पायऱ्या आहेत याच्या घराला. मी त्याच जिन्यावरून पडले. एकदा हा मला उचलून वर ठेवेल, मग मी खाली कधी येणार? हा आणि सून दिवसभर कामावर. तिथे मी बेल कुणासाठी वाजवू?"

आणि मावशी, भिंतीपासून तो आवाज आला, लिफ्ट दचकवणारा: "अहो बाई, मग हे आधी बोलायचं की! पायऱ्या काय, शिकवता येतात! माझ्यावर कशाला घसरताय!"

मेट्रनना हसू आवरेना. मुलाला हुंदका आला. बाईंनी तोंडावर चादर घेतली, पण चादर हलत होती. रडत होत्या की हसत, कोण जाणे.

निकाल असा. तक्रार मागे. तिखट सिस्टर आजपासून कामावर. मला लेखी ताकीद, आणि सहा महिन्यांचे नऊ झाले. म्हणजे ३० जूनपर्यंत टांगती तलवार. पण मावशी, मला इतकं हलकं वाटतंय की मी होस्टेलपर्यंत पळत आले!

संध्याकाळी बाहेर पडताना तिखट सिस्टर भेटल्या. मी माफी मागितली. म्हणाल्या, "तेरा दिवस खोटं लिहिलंस, त्याबद्दल तुला मी जूनपर्यंत सोलून काढणार आहे. उद्यापासून ड्युटी बदलताना कॉटपाशी बोलायचं. दोघींनी. समजलं?"

मी म्हटलं, "हेच माझी मावशी म्हणते."

"मग मावशीचं ऐकायला काय झालं होतं?"

काय सांगू त्यांना!

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

आज डायरीत एकच शब्द लिहिला: "वा!" चाळिशी उलटल्यावर एवढा एकच शब्द लिहून मी डायरी मिटल्याचं आठवत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दुपारची सुट्टी टाकली. तीन ठिकाणी विचारून मैत्रिणीचा पत्ता मिळवला. पाच ओळी लिहिल्या. पहिली ओळ, "मला दिसलं होतं." सोबत घड्याळ पाठवलं, चावी देऊन. 'उत्तराची अपेक्षा नाही' असं शेवटी लिहिलंय, ते खोटं आहे. टपालवाल्याच्या सायकलीचा आवाज आला की मी उठते.

एप्रनला आता भिंतीवरून काढलेलं एक जुनं घड्याळ लावावं की काय, असा विचार आहे. माझ्याकडे दुसरं नाही.

पायऱ्यांचं काय झालं? लगेच लिही.

मावशी


१९ मार्च

मावशी,

आधी बातमी: बाई काल घरी गेल्या. स्वतःच्या पायांनी!

दहा दिवस आम्ही लिफ्टशेजारच्या जिन्यावर त्यांची तालीम घेतली. मोजून अकरा पायऱ्यांची. एका बाजूला तिखट सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी, आणि आमच्या सुट्टीच्या दिवशी इतर कोणी, पण शब्द तेच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या झाल्या आणि बाई म्हणाल्या, "ही नवी पोरगी मला ढकलते." तिखट सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ती समोरच आहे बाई, तिलाच सांगा." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ढकलत नाहीस. चल, तिसरी."

चौथ्या दिवशी सहा. आठव्या दिवशी नऊ, आणि तिथे बसून भांडण. काल सकाळी मुलगा खाली उभा होता. बाईंनी कठडा धरला, आम्ही दोघी हात न लावता मागे-पुढे. बाई हळू आवाजात स्वतःलाच वाक्य पुरवत होत्या: "चांगला आधी... चांगला आधी..." अकराव्या पायरीवर पोचल्या आणि वळून खाली बघितलं. मुलाला म्हणाल्या, "बघत काय बसलास, टाळ्या वाजव!" त्यानं वाजवल्या. आठ नंबरच्या बाईंनी खोलीतून वाजवल्या. तिखट सिस्टरनी अशी शिट्टी मारली की लिफ्टमधून कोणी तरी ओरडलं!

आणि मग त्या उतरल्या. दुखरा पाय आधी.

निघण्याआधी खोलीत बेल वाजली. मी धावले, समोरून तिखट सिस्टर धावत आल्या, दोघी दारात एकमेकींवर आपटलो. बाई सामान बांधून तयार बसल्या होत्या. म्हणाल्या, "काही नाही, कोण येतंय ते बघत होते. दोघी आलात."

माझं जूनमध्ये काय होईल ते होवो. तुझ्या मैत्रिणीचं उत्तर आलं का? तोवर माझ्या पगारातून घेतलेलं घड्याळ पाठवतेय, भिंतीवरचं लावू नकोस.

शेवटी केसपेपर पूर्ण करायचा होता. तिखट सिस्टर माझ्या खांद्यावरून वाचत उभ्या होत्या. एकही विशेषण न घालता लिहिलं, तसंच तुला उतरवून पाठवते:

"अकरा पायऱ्या चढल्या, अकरा उतरल्या. कठड्याचा आधार. दोन सिस्टर सोबत, हात न धरता. मी पाहिलं."

भिंगरी